पायी गेला, रेखाटत गेला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकलेली पोरे घरच्यांना विचारीत नाहीत, अशी वडिलांची समजूत. आईने हट्ट धरला म्हणून माझे नाव दाखल झाले. वासिल ग्रिगोरोविच बार्स्की या यात्रिकाचे चरित्र वाचू लागलो आणि सुरुवातीलाच थबकलो, त्याचे कारण हेच.

वासिलचा जन्म १७०१ साली युक्रेनमधील कीव्ह शहरी झाला. वडील व्यापारी. त्यांना लिहिता-वाचता येई. परंतु फार शिकलेली माणसे गर्विष्ठ आणि मत्सरी होतात, असे त्यांचे मत होते. मुलगा कीव्हच्या अकादमीत शिकला तो आईच्या पाठिंब्यावर. पुढे पायाला व्रण झाला आणि शिक्षण अर्धवट राहिले. १७२३ साली वडील घरी नसताना, पायावर उपचार करून घेण्याच्या निमित्ताने तो एका सोबत्याबरोबर ल्विव शहरी गेला. तेथील जेझुइट पंथाच्या विद्यालयात दोघांनी आपला पंथ लपवून प्रवेश मिळविला. ते ऑर्थोडॉक्स आहेत हे उघडकीस येताच दोघांनाही काढून टाकण्यात आले.

तेथून त्याला घरी परतता आले असते. पण १७२४ साली त्याने रोमची वाट धरली, तीही पायी, दुखरा पाय घेऊन आणि भिक्षेवर पोट भरीत. इटलीत बारी येथे संत निकोलसच्या समाधीचे दर्शन घेतले, रोम पाहिले आणि व्हेनिसहून समुद्रमार्गे तो ग्रीक मुलखाकडे निघाला. पुढे आथोस, जेरुसलेम, इजिप्त, सिनाई, सायप्रस अशी यात्रा वाढतच गेली. सुरुवातीचे सोबती सुटले. नंतरची बहुतेक वाट त्याने एकट्याने तुडविली. १७३४ साली दमास्कस येथे त्याने संन्यासदीक्षा घेतली.

या सर्व भटकंतीत त्याने लिहिणे सोडले नाही. मठ कोठे वसला आहे, बांधणी कशी आहे, साधू किती आहेत, त्यांचा निर्वाह कशावर चालतो, हे सारे तो टिपून ठेवी. शब्द अपुरे पडत तेथे चित्र काढी. तटबंदी, घुमट, साधूंच्या खोल्या असे बारकावे दाखविणारी सुमारे दीडशे चित्रे त्याने काढली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आथोसची हकीकत. ग्रीस देशातील या डोंगरावर वीस मोठे मठ आहेत. वासिल तेथे १७२५ साली प्रथम गेला, तेव्हा त्याला ग्रीक भाषा नीट येत नव्हती. ही उणीव त्याने मनात ठेवली. पस्तिशी उलटल्यावर पात्मोस बेटावरील विद्यालयात जाऊन तो सुमारे सहा वर्षे ग्रीक शिकला. १७४४ साली तो पुन्हा आथोसला गेला आणि एकेका मठाची माहिती घेऊन चित्रे काढू लागला. कड्यावर उभा असलेला सिमोनोपेत्रा मठ त्याने रेखाटला. तो मठ १८९१ साली आगीत जळाला. हिलांदार मठाचेही चित्र त्याने काढले. त्याचा मोठा भाग २००४ साली जळाला. या इमारती पूर्वी कशा होत्या हे आज त्याची चित्रे सांगतात.

१७४७ साली बल्गेरिया, रुमानिया, पोलंड या मार्गाने तो कीव्हला परतला, तेव्हा त्याचे पाय सुजलेले होते. चोवीस वर्षांनी आईची भेट झाली. अवघ्या महिनाभरात, ऑक्टोबरमध्ये, तो वारला. हस्तलिखित आईजवळ राहिले. लोकांनी त्याच्या नकला करून घेतल्या आणि १७७८ साली ते छापले गेले.

वासिलच्या वडिलांची भीती अगदीच खोटी होती, असे मला म्हणवत नाही. शिकण्यासाठी बाहेर पडलेला मुलगा चोवीस वर्षे घरी आला नाही. मात्र ज्याला गर्व असेल तो पहिल्या भेटीतच सारे समजले असे मानून मोकळा होईल. एकच डोंगर नीट समजावा म्हणून सहा वर्षे भाषा शिकणार नाही.

आमच्या गावच्या वेशीजवळ एक जुने देऊळ आहे. ते पडायला आले आहे. मी जन्मापासून ते पाहतो, पण त्याला खांब किती हे मला सांगता येणार नाही. या सुट्टीत वही घेऊन जाणार आहे. चित्र जमले नाही तरी मोजमाप लिहून आणीन. बरोबर वडिलांना नेईन. त्या देवळाची माहिती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे.