लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि न खपलेला नांगर

आपल्या मंडळातील कितीतरी भगिनींच्या हाताला चव आहे. पण विक्रीचे नाव काढले की माल पडून राहील ही धास्ती वाटते. म्हणून मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकीकत सांगते.

त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु डोळ्यांना रंगांतील भेद नीट कळत नसल्याने ती वाट खुंटली. मग यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेली, तेव्हा बांधलेला पगार सोडून बेळगावी भावाबरोबर सायकलच्या दुकानात बसले.

पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. पण नांगर कोणी घेईना! लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांना भीती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. नंतर नगरपालिकेने कारखान्याची जागाही सोडायला लावली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन व १०,००० रुपये कर्ज दिले आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

१९५६ साली ते निवर्तले. त्यांना कधीच भीती वाटली नसेल, असे मला वाटत नाही. ती जाण्याची वाट मात्र त्यांनी पाहिली नाही. आपणही पाच बरण्या लोणचे घालून पाहावे. दोनच खपल्या, तर उरलेल्या का राहिल्या हे शेजारणींना विचारावे, आणि पुन्हा घालावे.