खुर्चीतच दिवा : इंदूरच्या यशवंतराव होळकरांचं घर

सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात वाचायची जागा ठरवते ती टेबल लॅम्पची वायर. ती पोचेल तिथे खुर्ची. म्हणून माणिकबाग राजवाड्यातल्या लाल खुर्चीचा फोटो पाहिला तेव्हा मी अडकलोच. तिचे दिवे खुर्चीतच बसवलेले आहेत. आणि खुर्ची आहे १९३० च्या सुमाराची!

ती इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची. जन्म १९०८. वडील तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली, तेव्हा हे सतरा वर्षांचे. ऑक्सफर्डला शिकताना त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टशी ओळख झाली. तोही जेमतेम पंचविशीचा. यशवंतरावांनी त्याला अख्खं घरच दिलं करायला.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. मुथेसियसने भिंती आणि फर्निचर वेगळं धरलंच नाही. दिवे, खुर्च्या, खोल्या सगळं एकाच आराखड्यात. बरंचसं सामान जर्मनीत बनून बोटीने आलं. म्हणजे माप चुकलं तर दुरुस्तीला समुद्र ओलांडायचा. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायला घाबरतो, तिथे हे! बाकीच्या वस्तू त्या काळच्या नव्या डिझायनरांच्या : आयलीन ग्रेची खुर्ची, रूलमानचं टेबल, सोन्यो आणि अलिक्स यांनी धातू-काचेचे केलेले पलंग. नक्षी जवळपास नाहीच. राजाच्या घरात नक्षी नसणं हे मला दिव्यांपेक्षाही धाडसाचं वाटतं.

ब्रांकुशी या शिल्पकाराकडून त्यांनी 'अवकाशातला पक्षी' तीन रूपांत घेतला, आणि त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. पण १९३७ मध्ये महाराणी संयोगिताबाई गेल्या. त्यानंतर ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला, तरी मंदिर झालंच नाही. फोटोंमध्ये हे दोघं इतके तरुण दिसतात की ही तारीख वाचून मी लॅपटॉप बंद केला होता.

१९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं. यशवंतराव १९६१ मध्ये मुंबईत वारले. फर्निचरचा मोठा भाग १९८० मध्ये मोनाकोच्या लिलावात विकला गेला. दोन संगमरवरी पक्षी आज कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत, आणि माणिकबागेत केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय.