वांग यांगमिंग : आधी लढाई केली, मग मास्तरांना सांगितलं, मुलांना गाऊ द्या

साल १५१८. चीनच्या जियांगशी प्रांताचा दक्षिण भाग. डोंगराळ मुलूख, वर्षानुवर्षं बंडखोर टोळ्यांच्या ताब्यात असलेला. मिंग बादशहानं पाठवलेल्या एका अधिकाऱ्यानं या टोळ्या एकेक करून मोडून काढल्या. लढाईची धूळ खाली बसते न बसते तोच हा माणूस गावच्या शाळामास्तरांसाठी सूचना लिहायला बसला. विषय होता, लहान मुलांना शिकवायचं कसं.

त्याचं नाव वांग शौरेन, पण जग त्याला वांग यांगमिंग म्हणून ओळखतं. कन्फ्युशियसच्या परंपरेतल्या सगळ्यात मोठ्या विचारवंतांमध्ये त्याची गणती होते.

त्याचा जन्म १४७२ चा, झेजियांग प्रांतातल्या युयाओचा. घर विद्वानांचं. वडील वांग हुआ १४८१ साली राजदरबाराच्या परीक्षेत अख्ख्या देशात पहिले आले होते. तेव्हाच्या चीनमध्ये मोठं व्हायचं तर रस्ता एकच, सरकारी परीक्षा. आपल्याकडच्या यूपीएससीसारखी म्हणा. फरक इतकाच, की तिचा गाभा होता कन्फ्युशियसच्या परंपरेतले ग्रंथ, आणि त्यांचा अर्थ बाराव्या शतकातल्या झू शी या पंडितानं लावला असेल तोच बरोबर.

अशा टॉपरच्या पोरानं काय करावं? शिष्यांनी लिहून ठेवलेल्या चरित्रात एक किस्सा येतो. आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, असं त्यानं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, अभ्यास करून परीक्षा पास होणं. पोराला ते पटलं नाही. त्याच्या मते खरं काम होतं ते संतपदाला पोचण्याचं. वडिलांना हे कळलं तेव्हा ते हसले म्हणे.

पुढं त्यानं झू शीचं म्हणणं शब्दशः घ्यायचं ठरवलं. प्रत्येक वस्तूत एक तत्त्व असतं, ते शोधत गेलं की ज्ञान मिळतं, असं झू शी सांगायचा. म्हणून वांग आणि त्याचा एक मित्र बांबूंसमोर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी मित्र आजारी पडला. सातव्या दिवशी वांगही पडला. बांबूनं काही सांगितलं नाही.

वाचताना हसू येतं. पण पुस्तकात लिहिलेलं स्वतः करून बघितलं, हे त्या वयात किती जण करतात?

राजधानीतल्या परीक्षेत दोनदा नापास होऊन १४९९ मध्ये तो पास झाला आणि नोकरीला लागला. १५०६ साली दरबारात लिऊ जिन नावाच्या खोजाची सत्ता होती. त्याच्या मनमानीवर टीका करणाऱ्या अधिकाऱ्यांना अटक झाली, तेव्हा वांगनं त्यांची बाजू घेऊन बादशहाला अर्ज लिहिला. बदल्यात भर दरबारात फटके मिळाले आणि बदली झाली थेट गुइझोऊ प्रांतातल्या लोंगचांगला. पद होतं सरकारी डाकेच्या चौकीचा प्रमुख. थोडक्यात हद्दपारी.

लोंगचांग म्हणजे जंगल, रोगट हवा आणि भाषा न समजणारे लोक. राहायला गुहा. सोबत आलेले नोकर आजारी पडले, तेव्हा या बड्या घरच्या विद्वानानं लाकडं फोडली, पाणी भरलं, पेज शिजवून त्यांना भरवली. त्यांची मनं खचू नयेत म्हणून कविता गाऊन दाखवल्या. त्यांचाही उपयोग होईना, तेव्हा झेजियांगकडची गावाकडची गाणी म्हटली, विनोद केले.

इथंच १५०८ मध्ये एका रात्री त्याला साक्षात्कार झाला असं सांगतात. ज्या तत्त्वासाठी आपण बांबूकडे टक लावून बसलो, ते बाहेर नाहीच, स्वतःच्या मनात आहे. त्यातूनच पुढं त्यानं मांडलं, की जाणणं आणि करणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आईवडिलांची सेवा करावी हे मला कळतं, पण मी करत नाही, असं कुणी म्हणालं तर वांगच्या मते त्याला ते कळलेलंच नाही. सगळे अभ्यासक त्या रात्रीबद्दल लिहितात. मला मात्र आजारी माणसांच्या उशाशी बसून गाणारा वांग जास्त महत्त्वाचा वाटतो.

१५१० मध्ये लिऊ जिनला मृत्युदंड झाला आणि वांगचे दिवस पालटले. १५१७ पासून तो दक्षिण जियांगशीत होता. तिथल्या मोहिमा काही गोडीगुलाबीच्या नव्हत्या. ची झोंगरोंग या टोळीप्रमुखाला त्यानं नव्या वर्षाच्या पाहुणचाराला म्हणून बोलावून घेतलं आणि साथीदारांसकट ठार केलं. माणसाचं मन मुळात चांगलं असतं असं शिकवणाऱ्याच्या हातून हे झालं. त्याची थोरवी सांगताना हे पान गाळता येत नाही.

आता त्या सूचनांकडे येऊ. नुसती शस्त्रं चालवून लोक शांत राहत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून गावात शाळा काढल्या आणि मास्तरांना चार खडे बोल सुनावले. तुम्ही रोज घोकंपट्टी करून घेता, मुलांना मारता, बांधून ठेवता, कैद्यासारखं वागवता. मग त्यांना शाळा तुरुंग वाटते आणि मास्तर वैरी. ती खोटं बोलतात, पळवाटा शोधतात, आणि वर तुम्ही विचारता की मुलं बिघडली कशी!

(शाळेत जायच्या वेळी ज्यांच्या पोटात दुखायचं, त्यांना हा माणूस लगेच आपला वाटेल.)

त्याच्या शाळेचं वेळापत्रकही बघण्यासारखं आहे. सकाळी पहिल्यांदा धडा नाही, तर विचारपूस. घरी आईवडिलांशी कसा वागलास, रस्त्यानं नीट चाललास का, बोललास ते खरं होतं का? मग वाचन, नमस्कार आणि शिष्टाचाराचा सराव, आणि शेवटी कवितांचं गायन. मुलं चार गटांत विभागलेली. रोज एक गट गाणार, बाकीचे बसून ऐकणार. दर पाच दिवसांनी सगळे गट मिळून गाणार.

गाणं कशासाठी? तर मुलांना उड्या मारायच्या असतात, ओरडायचं असतं. ते दाबू नका, गाण्यातून बाहेर येऊ द्या. शिष्टाचाराच्या सरावातलं वाकणं-उठणंही अंगाला व्यायाम म्हणूनच. आणि मुलाला दोनशे अक्षरं झेपत असतील तर शंभरच द्या, म्हणजे त्याच्यात दम शिल्लक राहील. अभ्यास गोड लागला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

१५१९ साली निंगचा राजपुत्र झू चेनहाओ यानं बंड केलं, तेही वांगनं काही आठवड्यांत मोडलं. दरबारानं श्रेय देण्यात कुचराई केली, उलट संशयच घेतला. १५२२ पासून पाच-सहा वर्षं तो शाओशिंगला घरीच शिकवत होता. १५२४ च्या शरद पौर्णिमेला त्यानं शंभरावर शिष्यांना पुलावर मेजवानी दिली. चांदण्यात कुणी गात होतं, कुणी ढोल वाजवत होतं, कुणी होडीत बसलं होतं. मास्तरही खुशीत येऊन कविता करत होते.

१५२७ मध्ये पुन्हा बोलावणं आलं, दक्षिणेकडच्या गुआंगशीतलं बंड शमवण्याचं. तब्येत ढासळलेली, खोकला थांबत नव्हता. या वेळी बंडाचे म्होरके चर्चेनंच शरण आले, मोठी लढाई करावी लागली नाही. तिथंही त्यानं शाळा काढल्या. परतीच्या वाटेवर जानेवारी १५२९ मध्ये, जियांगशीतच, होडीत त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या मृत्यूनंतर दरबारानं त्याच्या शिकवणीवर बंदी घातली. १५८४ मध्ये त्याच दरबारानं त्याला कन्फ्युशियसच्या मंदिरात मानाची जागा दिली. परीक्षा मात्र झू शीनं लावलेल्या अर्थावरच चालू राहिली, ती १९०५ साली बंद होईपर्यंत.