मुरुडचा मुलगा

दापोलीजवळच्या मुरुडला शाळेची सहल नेली की मुले थेट समुद्राकडे धावतात. मला मात्र तिथे रघुनाथ धोंडो कर्वे आठवतात. १४ जानेवारी १८८२ रोजी ते याच गावी जन्मले. आपल्याला ठाऊक असतात ते मुंबईचे र. धों. : विल्सन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक, १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढणारे, त्यापायी नोकरीला मुकलेले. पण या माणसाची जडणघडण मुरुडातच सुरू झाली असावी, असे मला वाटते.

त्यांची आई राधाबाई लग्नात आठ वर्षांची होती. रघुनाथ झाला तेव्हा जेमतेम सतरा-अठराची. १८९१ साली ती बाळंतपणात गेली. दोन वर्षांनी धोंडोपंतांनी विधवेशी विवाह केला आणि मुरुडने त्यांना वाळीत टाकले. आठ वर्षांच्या पोरीचे लग्न गावाला कधी खटकले नव्हते. जाणत्या बाईचे खटकले! अकरा वर्षांच्या मुलाच्या मनात हे कसे उतरले असेल?

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि पदरमोड करून १९५३ साली मरेपर्यंत चालवले. घरात विचारायची सोय नाही ते वाचक त्यांना विचारीत आणि गणित सोडवावे तितक्या सरळपणे ते उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, तरी दंड झालाच.

ही जुनी गोष्ट म्हणावी, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. खेड्यांत प्रमाण अधिकच.

मी खेड्यातच विज्ञान शिकवतो. प्रजननाचा धडा आला, की घरी वाचा म्हणून मीही पुढे सरकत असे. घरी कोण वाचून घेणार? एका मुलीचे नववीतच लग्न ठरले. जाताना तिने तपासायला दिलेली वही माझ्याकडेच राहिली. तिच्यात त्या धड्याची पाने कोरी होती.

यंदा वर्गात पेटी ठेवली आणि नाव न घालता प्रश्न टाका म्हटले. पहिल्या दिवशी पेटी रिकामी. दुसऱ्या दिवशी तीन चिठ्ठ्या. एक कुणा पालकाची होती : असले काही शिकवू नये. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी फळ्यावर लिहिली.