लिडिया मारिया चाइल्ड

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेडफर्ड या गावी, पाव-बिस्किटांचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी, ११ फेब्रुवारी १८०२ रोजी लिडियाचा जन्म झाला. तिला वाचनाची विलक्षण गोडी होती. तिचा थोरला भाऊ हार्वर्ड येथे उच्च शिक्षणासाठी गेला. परंतु मुलींना तेथे प्रवेश नव्हता. तेव्हा लिडियाने भावाच्या ग्रंथांवरच आपली ज्ञानाची तहान भागविली. बाराव्या वर्षी ती मातृसुखास अंतरली.

त्या काळी अमेरिकन मुलांच्या हाती बहुधा इंग्लंडातून आलेली पुस्तके पडत. आपल्या मुलांना आपल्या देशाच्या गोष्टी वाचावयास मिळाव्यात, म्हणून लिडियाबाईंनी १८२६ साली ‘ज्युव्हेनाइल मिसेलनी’ हे द्वैमासिक सुरू केले. त्यात गोष्टी, चरित्रे, कोडी असत. नवा अंक यावयाच्या दिवशी बॉस्टनमधील मुले घराच्या पायऱ्यांवर बसून त्याची वाट पाहत.

१८२८ मध्ये डेव्हिड चाइल्ड या वकिलाशी त्यांचा विवाह झाला. पती तत्त्वनिष्ठ, पण व्यवहारात कच्चे होते. डोक्यावर कर्ज झाले आणि संसाराचा भार लिडियाबाईंच्या लेखणीवर पडला. काटकसरीने घर कसे चालवावे, हे सांगणारे त्यांचे पुस्तक घरोघरी पोचले.

अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा माणसांची गुराढोरांप्रमाणे खरेदी-विक्री चाले. हा अन्याय त्यांना पाहवेना. गुलामांना तत्काळ मुक्त करावे व समानतेने वागवावे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यांनी १८३३ साली प्रसिद्ध केला. त्याबरोबर लोक खवळले. पालकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. बॉस्टनच्या नामांकित ग्रंथालयाने त्यांना दिलेली सवलत काढून घेतली. १८३४ मध्ये त्यांना आपल्या लाडक्या द्वैमासिकाचे संपादकपद सोडावे लागले. मुलांचे प्रेम, कीर्ती, मिळकत, सारे गेले. परंतु त्या आपल्या मतापासून तसूभरही ढळल्या नाहीत. पुढे न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरीविरोधी साप्ताहिकाचे संपादन त्यांनी केले. १८४४ पासून ‘फ्लॉवर्स फॉर चिल्ड्रेन’ या पुस्तकमालेतून त्यांनी मुलांना पुन्हा गोष्टी सांगितल्या.

१८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. मुक्त झालेले लोक आता अक्षरे गिरवू लागले होते. त्यांना वाचावयास मिळावे, म्हणून त्यांच्यातीलच कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे असलेले पुस्तक लिडियाबाईंनी पदरमोड करून छापले. २० ऑक्टोबर १८८० रोजी वेलँड येथे त्यांचे निधन झाले. मुलांसाठी उचललेली लेखणी त्यांनी अखेरपर्यंत दुबळ्यांच्या कैवारासाठी झिजविली.