शाळेत संस्कृत नाकारले, त्यांनीच संस्कृत ग्रंथांतून शोधले अस्पृश्यतेचे मूळ. इतिहासकार बाबासाहेब कसे घडले?

राज्यघटनेचे शिल्पकार, अर्थतज्ज्ञ आणि कायदेपंडित म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर घराघरांत माहीत आहेत. इतिहासकार म्हणून त्यांनी केलेल्या कामाची चर्चा मात्र कमी होते. अस्पृश्यता कधी आणि कशी सुरू झाली, हा प्रश्न त्यांनी का हाती घेतला? जाणून घेऊया.

शिक्षण कसे झाले?

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्यांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून नकार मिळाला आणि फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत ते स्वतःच्या प्रयत्नाने शिकले. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एमए झाले. प्रबंधाचा विषय होता प्राचीन भारतातील व्यापार. मे १९१६ मध्ये तिथल्याच एका चर्चासत्रात त्यांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला. तेव्हा वय होते अवघे २५.

कोणता इतिहास मांडला?

शूद्र मूळचे कोण, याचा शोध घेणारा त्यांचा ग्रंथ १९४६ मध्ये आला. तो त्यांनी महात्मा फुले यांना अर्पण केला. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरील ग्रंथ आला. तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या संतांना अर्पण केला आहे.

बाबासाहेबांच्या मते, अस्पृश्य हा वेगळा वंश नव्हता. टोळ्यांच्या लढायांत पांगलेले लोक गावाबाहेर वसले. ते बौद्ध होते आणि गोमांस खात राहिले, म्हणून त्यांच्यावर अस्पृश्यता लादली गेली. हे घडले इसवी सन ४०० च्या सुमारास. पुरावा नसलेले काही दुवे तर्काने जोडल्याचे त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केले होते. या निष्कर्षांवर अभ्यासकांत मतभेद आहेत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी काय संबंध?

बाबासाहेब एमए झाले त्याच १९१५ मध्ये, पूर्वी गुलाम असलेल्या आई-वडिलांच्या पोटी जन्मलेले इतिहासकार कार्टर वुडसन यांनी शिकागोत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. दुसरे कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले. दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांनी त्यात मांडले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. डुबॉइस यांनी त्याच वर्षी उत्तर पाठवून पाठिंबा कळवला.

हा इतिहास महत्त्वाचा का?

अस्पृश्यता अनादी काळापासून आहे, असे मानले की ती अटळ ठरते. ती ठरावीक काळात, ठरावीक कारणांनी माणसांनीच लादली असेल, तर माणसे ती मोडूही शकतात. बाबासाहेबांच्या मांडणीचे सार हेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्याच मांडणीनुसार पाहिले, तर ते पूर्वजांच्या वाटेवर परतणे होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.