मुंढव्याच्या महारवाड्यातील एक जीव

१० मार्च हा क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांचा स्मृतिदिन. दरवर्षी या दिवशी ठिकठिकाणी प्रतिमांना हार घातले जातात, भाषणे होतात, आद्य शिक्षिका म्हणून माईंचा गौरव होतो. तो व्हायलाच हवा. परंतु माई गेल्या कशाने, हे सांगताना बहुतेक वक्ते प्लेगने गेल्या एवढेच एक वाक्य बोलतात आणि खाली बसतात. आमच्या मते माईंच्या उभ्या आयुष्याचा अर्थ त्या एका घटनेत साठलेला आहे. १८९७ साली ६६ वर्षांच्या माईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखाना गाठला. तो मुलगा वाचला, माई गेल्या.

एका बाजूला हजारोंना शहाणे करणारी थोर स्त्री, दुसऱ्या बाजूला गावकुसाबाहेरचे एक पोर. मग कोणाचा जीव अधिक मोलाचा होता? हा प्रश्न उघडपणे विचारायला माणसे लाजतात, पण आपला समाज मात्र रोज, न विचारता, त्याचे उत्तर देत असतो. म्हणूनच आज आम्ही माईंचे चरित्र या एकाच प्रश्नाच्या अंगाने मांडत आहोत.

माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावचा. खंडोजी नेवसे पाटलांची ही लेक. पेशवाई बुडून तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती. राज्य गेले होते, पण पेशवाईची मापे लोकांच्या डोक्यात जशीच्या तशी होती. ही मापे कोठून आली? मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडून पाहावा. ब्राह्मणाला मारले तर जे प्रायश्चित्त, त्याचा चौथा हिस्सा क्षत्रियाला मारल्यास, आठवा हिस्सा वैश्याला मारल्यास आणि सोळावा हिस्सा शूद्राला मारल्यास. पुढे तर मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा मारल्यावरही शूद्रहत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे. हा धर्म नव्हता, माणसांच्या जिवाचे दरपत्रक होते. शूद्राची किंमत कावळ्याएवढी, तर अतिशूद्राची काय असेल, हे सांगायला नको. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हे पुस्तक जाळण्यात आले, तेव्हा हे दरपत्रकच जाळले गेले, असे आम्ही मानतो.

१८४० साली नऊ वर्षांच्या सावित्रीचे तेरा वर्षांच्या जोतीरावांशी लग्न झाले. जोतीरावांनी तिला शिकवले आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. माई शाळेत जाऊ लागल्या तेव्हा अंगावर शेण आणि चिखल आला, दगड आले. घर सोडावे लागले. उस्मान शेख यांनी आसरा दिला, फातिमा शेख यांनी माईंबरोबर शिकवण्याचे काम केले. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. ज्याच्या जिवाला किंमत नाही त्याला शिकवायचे कशाला, हा विरोधकांचा खरा हिशेब होता. माईंनी तो हिशेबच मोडला.

त्याचे फळ फार लवकर दिसले. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता ही मांग समाजातील मुलगी. तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. पेशवाईत इमारतींच्या पायात मांग-महारांना पुरले जाई, हे त्या पोरीने लिहून ठेवले. वाड्याची भिंत पक्की व्हावी म्हणून माणूस खाली गाडायचा. जिवाच्या स्वस्ताईचा याहून मोठा पुरावा कोणता? आणि हा पुरावा कोणा इंग्रज अधिकाऱ्याने नव्हे, पायात गाडल्या जाणाऱ्यांच्याच एका लेकीने नोंदवला. माणसाच्या हाती पाटी-पेन्सिल आली की तो आपल्या मेलेल्यांचा हिशेब मागू लागतो, हे प्रस्थापितांना तेव्हाच कळून चुकले.

माईंची माणुसकी केवळ आपल्या जातीपुरती नव्हती, हे आपल्या लोकांनीही नीट लक्षात घ्यावे. त्या काळी ब्राह्मण विधवांच्या नशिबी केशवपन आणि अंधारी खोली. फसवणुकीतून गर्भ राहिला तर आत्महत्या किंवा भ्रूणहत्या, एवढेच मार्ग उरत. जोतीरावांनी आणि माईंनी आपल्या घरीच अशा स्त्रियांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या वर्गाने माईंवर शेण फेकले, त्याच वर्गाच्या लेकींची बाळंतपणे माईंनी केली. त्यांतीलच एका विधवेचा मुलगा १८७४ साली त्यांनी दत्तक घेतला. हाच तो यशवंत, पुढे डॉक्टर झालेला. शत्रूच्या घरातील नकोसे मूलही पूर्ण मोलाचे, असे मानणारी ही बाई होती.

आम्हा वकिलांना माईंच्या आयुष्यातील एक प्रसंग विशेष वाटतो. ऑगस्ट १८६८ मध्ये नायगावहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात तो आला आहे. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची अस्पृश्य मुलगी यांचे प्रेम जमले, तिला दिवस गेले. गावकऱ्यांनी दोघांना मारत, धिंड काढत नेले. आता जीवच घ्यायचा, असे ठरले. बातमी कळताच माई धावत तेथे गेल्या. त्यांनी जमावापुढे हात जोडले नाहीत, धर्मही सांगितला नाही. इंग्रजी कायद्याने खुनाची काय शिक्षा होते, याची त्यांना भीती घातली. जमाव थबकला. दोघांनी गाव सोडावे, एवढ्यावर भागले आणि माईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले.

या प्रसंगाचे महत्त्व कायद्याचा इतिहास पाहिल्यावर कळते. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली होती. तिच्या कलम ३०२ मध्ये मेलेल्याची जात विचारलेली नव्हती. ब्राह्मणाचा खून असो की अतिशूद्र मुलीचा, कलम एक आणि शिक्षा एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्या कलमाची जागा १०३ ने घेतली आहे, पण तत्त्व तेच राहिले. स्मृतीच्या सोळाव्या हिश्श्याला दंड संहितेने रद्द केले आहे, ही गोष्ट नायगावच्या त्या जमावाला प्रथम कोणी सांगितली असेल तर सावित्रीमाईंनी. वकिलीची सनद नसलेल्या या बाईने भर रस्त्यात दोन नव्हे, पोटातल्या बाळासह तीन जिवांचा दावा जिंकला.

१८७६-७७ चा दुष्काळ आला. सरकारी दुष्काळी कामावरील मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरे, असा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनी बसवला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. माणूस मरणार नाही आणि सरकारचा खर्चही वाढणार नाही, असे ते माप. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडले. त्या वेळी माई जुन्नर भागात ओतूरला सत्यशोधक कार्यकर्त्यांबरोबर होत्या. अन्नछत्रे उघडणे, लोकांना धीर देणे, अटक झालेल्या कार्यकर्त्यांसाठी कलेक्टरकडे जाऊन बोलणे, ही कामे त्यांनी केली. एक मनुवाद जातीने माणूस तोलत होता, दुसरा साम्राज्यवाद पौंडाने तोलत होता. माई दोन्ही तराजूंच्या विरोधात उभ्या राहिल्या.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाच्या अधिकारावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा माईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. नंतर सत्यशोधक समाजाची धुरा सांभाळली, १८९३ साली सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले.

आणि मग प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत, पाठोपाठ पुण्यात. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. ९ फेब्रुवारीला कामगारांचे पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगनेच गेले. धोका किती मोठा आहे, हे माईंना पुरते माहीत होते. तरीही यशवंताने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना थाटला आणि माई रोगी आणण्याच्या कामाला लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी तेथवर आणले, असे चरित्रकार सांगतात. लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी माईंनी देह ठेवला. पुढे १९०५ साली डॉ. यशवंतही प्लेगच्याच सेवेत गेले.

त्याच वर्षी पुण्यात सोजिरांच्या घरझडत्या झाल्या, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. लोकांवरचा जुलूम खरा होता, त्यात शंका नाही. पण पुण्याचा प्लेग म्हटला की शाळेच्या पुस्तकात पिढ्यान् पिढ्या रँड आला, चाफेकर आले. मुंढव्याचा महारवाडा आला नाही आणि मुलाला पाठीवर घेणारी माईही आली नाही. मारणारे आठवले, वाचवणारी विसरली. जिवांप्रमाणे मरणांचेही दरपत्रक असते, ते असे.

आता मूळ प्रश्न. एखादा हिशेबी माणूस म्हणेल, माई जगल्या असत्या तर आणखी हजारोंचे भले झाले असते, एका पोरासाठी एवढा जीव घालवायला नको होता. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु असा हिशेब मांडणारा स्वतःला नेहमी वाचवण्याच्या रकान्यात घालतो आणि महारवाड्याला सोडून देण्याच्या रकान्यात, हे आम्ही आजवर पाहत आलो आहोत. शिवाय माईंनी असा हिशेब केला असता तर त्या माई राहिल्याच नसत्या. ज्या हजारोंच्या भल्याची गोष्ट आपण करतो, ते हजार अशा एकेका पोराचेच बनलेले असतात. तथागतांनीही मळमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले होते. तो भिक्खू संघाच्या किती उपयोगाचा आहे, हे त्यांनी आधी तपासले नव्हते.

हे सारे जुने झाले, असे कोणी समजू नये. १८९७ चाच साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. विमानाने येणाऱ्यांची सोय होत होती, पायी चालणाऱ्यांची झाली नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणात आम्ही उभे राहतो, तेव्हा पहिला प्रश्न मृताच्या उत्पन्नाचा असतो. पगाराची पावती असली तर जीव महाग. कचरा वेचणारी बाई असली तर अंदाजाने काढलेले उत्पन्न आणि त्यावर घासाघीस. गटारात उतरून मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. आदेश स्वागतार्हच आहे. परंतु २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षणाविना गटारात उतरवण्यास बंदी असताना तो उतरतोच कसा, आणि उतरणारा बहुतेक वेळा एकाच थरातील कसा, याचा जाब कोण देणार? भरपाईची रक्कम वाढणे म्हणजे जिवाची किंमत वाढणे नव्हे. मरणच थांबले तर किंमत मान्य झाली म्हणायची.

एक प्रश्न आपल्या चळवळीलाही विचारतो. पुढाऱ्याला ठेच लागली तर मोर्चे निघतात. खेड्यातल्या अत्याचारग्रस्त कुटुंबाच्या खटल्याला तारखेमागून तारीख पडते, तेव्हा न्यायालयाच्या आवारात आपल्यातले किती जण असतात? साक्षीदार एकटा पडतो, फुटतो, आरोपी सुटतो आणि आपण निषेधाचे पत्रक काढतो. आपल्यातही दरपत्रक तयार होऊ लागले आहे काय?

माई गेल्या तेव्हा भीमरावांना सहावे वर्ष चालू होते. याच मुलाने मोठेपणी जोतीरावांना गुरू मानले आणि प्रत्येक नागरिकाचे मत सारख्याच मोलाचे, हे घटनेत आणले. मताचे मोल समान झाले, जिवाचे अजून व्हायचे आहे, हेही बाबासाहेबांनी घटना देतानाच बजावून ठेवले होते. येत्या १० मार्चला हार घालून झाल्यावर प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील एक तरी चालू खटला हाती घ्यावा आणि निकाल लागेपर्यंत त्या कुटुंबाबरोबर प्रत्येक तारखेला जावे. माईंनी पोर पाठीवर घेतले होते, आपल्याला निदान बरोबर चालता येईल.

जयभीम!